उन्हाळी कार्यक्रमात गोडाचे ताट दरवर्षी का ओघळते?

तक्रार दरवर्षी तीच असते. साक्षगंध असो, वास्तुपूजन असो की धोंड्याच्या महिन्यातले जावयाचे जेवण असो, सकाळी दहाला हौसेने लावलेले गोडाचे ताट दुपारी एकला पंगतीत आणले, की श्रीखंडाभोवती पाणी साचलेले असते, त्या पाण्याने शेजारची बर्फी तळातून भिजलेली असते, अनारसे चामट झालेले असतात आणि बेसनाचे लाडू एका अंगावर बसलेले असतात. मग दोष आधी आचाऱ्याला, नंतर दूधवाल्याला आणि शेवटी उन्हाला दिला जातो. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास राहणे इकडे कोणाला नवलाचे वाटत नाही. त्यामुळे मीही कित्येक वर्षे उन्हालाच बोल लावत होते. परंतु याच उन्हात, घरात ना फ्रीज ना कूलर अशा दिवसांत, आजीच्या डब्यातले अनारसे आठ-आठ दिवस कुरकुरीत राहत असत, ही गोष्ट उन्हाच्या माथी मारता येत नव्हती.

उलगडा २०१८ साली झाला. त्या वर्षी अधिक मास ज्येष्ठात, १६ मे ते १३ जून असा आला होता आणि जावयाला वाण देण्यासाठी तेहतीस अनारशांचे ताट आम्ही सकाळीच मांडून ठेवले होते. बैठकीच्या खोलीत मोठा कूलर लावलेला होता. ताट थंड राहावे म्हणून ते मुद्दाम त्याच्या झोतासमोर ठेवले. दोन तासांनी ताट उचलले तेव्हा अनारसे बोटाने वाकत होते. पंचवीसेक अनारसे मात्र ताटात न मावल्याने झाकणाच्या डब्यात, मागच्या टिनाच्या खोलीत राहून गेले होते. त्या खोलीत पाच मिनिटे उभे राहवत नव्हते, आणि डब्यातले अनारसे मात्र कडकडीत होते. अधिक उष्ण जागेतले चांगले आणि थंड जागेतले बिघडलेले असा उलटा हिशेब समोर आला, तेव्हा कुठे कूलरकडे लक्ष गेले.

विदर्भातली मे महिन्यातली हवा जितकी तापलेली तितकीच कोरडी असते. कूलर ती हवा त्याच्या बाजूंना लावलेल्या ओल्या गवताच्या ताट्यांमधून ओढून घेतो. ताट्यांतले पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषते, म्हणून हवा गार होते, परंतु तीच वाफ हवेबरोबर खोलीत येते. म्हणजे कूलरच्या खोलीत आपण मेमध्येच श्रावणाची हवा तयार करतो. साखर आणि गूळ हे दोन्ही पदार्थ हवेतले पाणी धरून ठेवणारे आहेत, आणि त्यातही गुळात ग्लुकोज व फ्रुक्टोज मोकळे असल्यामुळे तो साखरेपेक्षा लवकर ओल धरतो. गुळाचा अनारसा, गुळपापडी, चिक्की यांना कूलरसमोर उघडे ठेवणे म्हणजे त्यांना पाणी पाजणेच आहे.

यावर पुष्कळ जण दुसरे टोक गाठतात आणि सगळेच ताट कूलरच्या खोलीबाहेर नेतात. तेही चूक ठरते, कारण तूप साधारणपणे २८ अंशांपासून मऊ पडू लागते आणि चाळिशीच्या पुढे जवळजवळ पातळच असते. मग अनारसे वाचतात पण लाडू बसतात. यातला मार्ग अगदी साधा आहे. सर्व कोरडे आणि तुपाचे पदार्थ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून ते डबे कूलरच्याच खोलीत ठेवावेत. थंडावा डब्याच्या पत्र्यातून आत जातो, दमटपणा जात नाही. ताट पाहुणे बसल्यावरच लावावे. आमच्याकडे या एका बदलाने अर्ध्याहून अधिक तक्रारी संपल्या.

उरलेल्या तक्रारींसाठी, बिघडलेले ताट फेकण्यापूर्वी ओल नेमकी कुठे आहे ते पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण दोषाचे मूळ तिथेच लिहिलेले असते. पदार्थ वरून चिकट आणि खालून कोरडा असेल तर ओल हवेतून आलेली आहे. खालून भिजलेला आणि वरून ठीक असेल तर ती शेजाऱ्याकडून किंवा न पुसलेल्या ताटातून आलेली आहे. सगळीकडून सारखाच तेलकट दिसत असेल तर ते पाणी नसून सुटलेले तूप आहे. आणि पदार्थातूनच, मधूनच पाणी निघत असेल, तर त्याच्या कृतीत खोट आहे. श्रीखंडाचे बहुधा असेच असते. आंबूस वास आला तर मात्र पुढचा तपास थांबवून तो पदार्थ बाजूला काढावा.

वरून ओल येण्याचे दुसरे कारण फ्रीज आहे. फ्रीजमधून काढलेली बर्फी गार पाण्याने भरलेल्या तांब्यासारखी असते, तिच्यावर हवेतली वाफ गोळा होऊन थेंब धरते, आणि कूलरच्या खोलीत तर पाच मिनिटांत बर्फीला घाम फुटतो. वरख लावलेला असेल तर तो काळपट ओघळून जातो आणि संत्रा बर्फीचा रंग शेजारच्या पदार्थाला लागतो. म्हणून बर्फी फ्रीजमध्ये बंद डब्यात ठेवावी, डबा बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नये, म्हणजे थेंब डब्याच्या बाहेरच्या अंगावर धरतात. मग डबा कोरड्या फडक्याने पुसून उघडावा. घाईत हा अर्धा तास कोणी देत नाही. शिवाय डबे लहान असावेत, एका पंगतीला पुरतील वीस-पंचवीस वड्या एका डब्यात, म्हणजे दुसऱ्या पंगतीचा डबा पहिल्या पंगतीला उघडावा लागत नाही.

आता श्रीखंड, ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ आणि दूध वाया घालवले आहे. श्रीखंडाला पाणी सुटण्याचा दोष ताटाचा नसतो. तो आदल्या संध्याकाळी दही लावतानाच घडलेला असतो. दही लावणारे जिवाणू ४० ते ४५ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने वाढतात, आणि मे महिन्यात आपले स्वयंपाकघर त्यांच्यासाठी आयतेच तापवून ठेवलेले असते. पुण्या-मुंबईकडच्या कृतीप्रमाणे रात्री झोपताना विरजण लावले, तर आपल्याकडे मध्यरात्रीच दही लागते आणि पहाटेपर्यंत ते आंबत राहते. दही जितके आंबट तितके ते आकसते आणि पाणी बाहेर ढकलते. पुढे असे दही फडक्यात बांधून खुंटीला टांगले, तर ते टांगलेल्या अवस्थेतही आंबतच असते, आणि मग आंबटपणा झाकायला साखर वाढवली जाते. वाढलेली साखर चक्क्यातले उरलेसुरले पाणी ओढून घेऊन श्रीखंड आणखी सैल करते.

उपाय घड्याळाचा आहे. विरजण नेहमीपेक्षा कमी, कोमट दुधात, संध्याकाळी पाच-साडेपाचला लावावे. साधारण चार तासांत दही लागते. लागल्याबरोबर, आंबण्याची वाट न पाहता, ते फडक्यात बांधावे आणि चाळणीत ठेवून, चाळणीखाली गंज, म्हणजे उभट पातेले, ठेवून, वर वजन देऊन रात्रभर फ्रीजमध्येच निथळू द्यावे. फ्रीजमध्ये जागा नसेल, आणि कार्याच्या घरी ती कधीच नसते, तर मातीचे मोठे मडके ओल्या रेतीत बसवून, त्याला ओले पोते गुंडाळून, अंगणात वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावे आणि पुरचुंडी त्यात अधांतरी टांगावी. पोते सुकू देऊ नये. रात्रीची कोरडी हवा मडक्याला चांगलेच गार करते आणि पाच-सहा तासांत चक्का तयार होतो. मात्र ही युक्ती रोहिणी नक्षत्रापर्यंतचीच आहे. मृग लागला, हवेत पाणी आले, की मडकेही गार होत नाही आणि कूलरही नुसता वारा घालतो.

चक्का पुरता निथळला की नाही हे हाताला कळतेच, परंतु खात्रीसाठी चमचाभर चक्का कोरड्या सुती फडक्यावर दहा मिनिटे ठेवावा. भोवती ओलसर कडे पसरले तर तो आणखी निथळायला हवा. साखर चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट पुरते. ती मिसळल्यावर दोन तास थंडाव्यात झाकून ठेवावे, मग पुरणयंत्रातून काढावे. पाणी सुटायचेच असेल तर ते या दोन तासांत दिसते आणि सावरायला वेळ राहतो. मिक्सर मात्र अजिबात फिरवू नये, त्याने चक्क्याची घडण मोडून श्रीखंड पातळ होते. प्रमाण विचाराल तर म्हशीच्या एक लिटर दुधाच्या दह्यातून साधारण ४०० ग्रॅम चक्का पडतो, म्हणजे सहा लिटर दुधाचा चक्का आणि पावणेदोन किलो साखर मिळून चार किलोच्या वर श्रीखंड होते, आणि ताटात इतर पदार्थ असताना उन्हाळ्याच्या दुपारी साठ माणसांना ते पुरून उरते.

इतके करूनही श्रीखंड ताटात थेट वाढू नये. त्याला वाटी किंवा द्रोण द्यावा. पळसाच्या पानांचा द्रोण देखणा दिसतो, फक्त तो काही वेळाने झिरपतो, म्हणून आधी भरून ठेवता येत नाही.

यानंतरचा मुद्दा चवीचा नसून पाहुण्यांच्या प्रकृतीचा आहे. दुधाचे, खव्याचे आणि साईचे पदार्थ ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणूंच्या वाढीला अनुकूल असतात. सर्वसाधारण दंडक असा, की असे पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची मुभा समजावी. आपल्या मांडवात मे महिन्यात पारा ३२ च्या खाली असतो कधी? म्हणून आपल्यासाठी दंडक एक तासाचाच आहे, आणि बर्फीचा डबा न उघडता ठेवलेला तो अर्धा तासही त्याच तासात मोजायचा आहे. दहाला लावलेले आणि एकला वाढलेले ताट दिसायला उत्तम असले तरी या हिशेबात ते केव्हाच बाद झालेले असते.

बासुंदी पुन्हा उकळली की ती निर्धोक होते, हा समज आमच्या घरीही होता. हाताच्या त्वचेवर, विशेषतः बोटाला कापले असेल किंवा फोड असेल तिथे, स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू असतात. ते दुधाच्या पदार्थात शिरून वाढले तर एक विष तयार करतात, आणि उकळल्याने जिवाणू मेले तरी ते विष नाहीसे होत नाही. खाल्ल्यापासून काही तासांतच उलट्या सुरू होतात आणि मग सगळे गाव म्हणते, ऊन लागले. वड्या हाताने न रचता चिमट्याने रचाव्यात आणि बोटाला पट्टी असलेल्या माणसाला, तो कितीही हौशी असला तरी, पाण्याच्या माठांवर नेमावे.

खवा किंवा मिठाई विकत आणायची असेल तर आदल्या दिवशी आणून ठेवण्याचा मोह टाळावा. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांनी सुट्या मिठाईवरही ती केव्हापर्यंत खाण्यायोग्य आहे ती तारीख लावायची असते. तालुक्याच्या ठिकाणी ती पाटी दिसली नाही तर विचारावी. कलाकंद त्याच दिवशी संपवायचा पदार्थ आहे, रसगुल्ला आणि रसमलाई दोन दिवसांच्या आत. बसच्या टपावर दीड तास उन्हात आलेल्या खोक्याला तर ती तारीखही लागू होत नाही.

ताटातली शेजारव्यवस्था हा माझ्या मते निम्म्या गोंधळाचा मूळ मुद्दा आहे. लोकांना ताट भरगच्च हवे असते: श्रीखंड, बर्फी, अनारसे, करंजी, गुलाबजाम, रंगासाठी टरबुजाच्या फोडी, आणि वर चेरी. ओला पदार्थ कोरड्याजवळ ठेवला की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातेच. त्यात झाकण घातले तर आणखी लवकर जाते, कारण झाकणाखाली दोघांची हवा एकच होते. टरबूज आणि खरबूज तर पाण्याचेच बनलेले आहेत, त्यांना वेगळी परात द्यावी आणि वाढण्याच्या अर्धा तास आधीच चिरावे. गुलाबजामचा पाक कितीही निथळला तरी ताटात ओघळतो, म्हणून तो वाटीतच शोभतो. मी आता साठ माणसांच्या ताटासाठी चार कोरडे पदार्थ, एक खव्याचा आणि एकच ओला, एवढ्यावर थांबते. कोरड्यांत अनारसे, सुक्या सारणाच्या करंज्या, शंकरपाळे आणि वर्ध्याचा गोरसपाक. गोरसपाकाला लोक चहाबरोबरचे बिस्कीट समजतात. पण श्रीखंडाच्या वाटीशेजारी तो कसा लागतो ते एकदा पाहावे. गडचिरोलीकडून कोणी येणार असेल तर चारोळी आणि मोहफुलांचे लाडू मागवावेत. मोहफुले वाळवलेली असल्याने ते लाडू आपल्या हवेत नीट राहतात. वीस प्रकार मांडून त्यातले बारा बिघडण्यापेक्षा सहा प्रकार धड पोहोचलेले बरे, हे पटवायला मला आमच्या आत्याबाईंशी तीन उन्हाळे भांडावे लागले.

लाडवांविषयी थोडक्यात: उन्हाळ्यात किलोभर बेसनाला अर्धा किलोऐवजी चारशे ग्रॅम तूप घ्यावे, बेसन थोडे अधिक भाजावे, आणि भाजलेले बेसन पूर्ण थंड झाल्याशिवाय पिठीसाखर मिसळू नये, नाहीतर साखर विरघळून मिश्रण सैल पडते. चॉकलेटचे काही ताटात ठेवू नये. ते ३४ अंशांच्या आसपास वितळते.

आमरस ताटात नसतो, परंतु रस आणि सरगुंडे (कणकेचा वाफवलेला पदार्थ) यांशिवाय आपल्याकडे उन्हाळ्यातले जेवण होत नाही, म्हणून त्याचेही सांगते. रस काळा पडतो तो हवेच्या संपर्काने. भांडे काठोकाठ भरावे, पसरट पातेल्याऐवजी उभट गंज घ्यावा, झाकण लावून थंडाव्यात ठेवावा आणि वाढतानाच ढवळावा. रसात कोय टाकण्याची पद्धत आमच्याकडेही आहे. मी कोयीसह आणि कोयीशिवाय असे दोन गंज शेजारी ठेवून पाहिले, मला फरक दिसला नाही. दूध घालायचे ते वाढण्याच्या वेळी, कारण गावरान आंब्याचा रस आंबूस असला तर दूध फाटते.

रुखवतात किंवा वाणात पितळेचे ताट हवेच असते. त्याला कल्हई नसेल तर श्रीखंड, रस किंवा कोणताही आंबट पदार्थ त्याला लागू देऊ नये; तांब्याचा अंश उतरून चव कळकते आणि पोटही बिघडते. खाली धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी केलेली पळसाची पाने अंथरावीत. मुंग्यांसाठी मेजाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हाच जुना उपाय आजही चालतो.

कार्याच्या दिवशीचा क्रम यावरून आपोआप ठरतो. रात्री बांधलेला चक्का पहाटे सोडून त्यात साखर मिसळायची, आठच्या आत श्रीखंड पुरणयंत्रातून काढून थंडाव्यात ठेवायचे, कारण लाईट दिवसा केव्हा जाईल याचा नेम नसतो. वीज गेली तर फ्रीज उघडायचाच नाही; बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो, परंतु कार्याच्या घरी दर पाच मिनिटांनी कोणीतरी गार पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडते, म्हणून त्या दिवशी फ्रीजच्या दाराला सुतळी बांधून पाणी माठातलेच द्यावे. पाहुणे हातपाय धुऊन बसू लागले की बर्फीचे डबे बाहेर काढायचे. मोठ्या परातीत बर्फ पसरून त्यावर श्रीखंडाचे झाकलेले भांडे बसवायचे. कारखान्यातली बर्फाची लादी असेल तर तो बर्फ पदार्थाला किंवा सरबताला लागू देऊ नये, तो फक्त बंद भांड्याबाहेर वापरावा. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आपल्याकडे आहे, पण पांढरा दिसला म्हणजे पिण्याच्या पाण्याचा, असेही समजू नये. लादी लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवली तर दुपारपर्यंत टिकते. पहिली वाढ भाताच्या आधी व्हायची असेल तर ताटे त्याच वेळी, डब्यांतून थेट, दोन माणसांनी समोरासमोर बसून लावायची. साठ ताटांना आम्हाला वीस-बावीस मिनिटे लागतात.

आणि तरीही ऐनवेळी काही बिघडलेच तर काय करावे, हे सांगायला हवे. श्रीखंडाला पाणी सुटले असेल, पण वास गोड असेल, तर ते पाणी पुन्हा ढवळून आत घालू नये. श्रीखंड फडक्यावर घेऊन बर्फावर अर्धा तास निथळावे आणि थोडा चक्का राखून ठेवला असेल तर तो घालावा. राखून ठेवावाच. चामट झालेले अनारसे मंद आचेच्या तव्यावर जाळी ठेवून दोन्ही अंगांनी गरम करावेत आणि उघड्या पण कोरड्या खोलीत, म्हणजे कूलरपासून लांब, थंड होऊ द्यावेत. थंड झाल्यावर ते पुन्हा कुरकुरतात. बसलेले लाडू थंडाव्यात घट्ट होतात, आकार मात्र परत येत नाही, म्हणून ते वळून घ्यावेत. आंबलेल्या किंवा तासाहून अधिक फ्रीजबाहेर राहिलेल्या खव्याच्या पदार्थाला उपाय नाही. घरातली वडीलधारी माणसे "इतके दूध वाया घालवता का" असे म्हणतील. त्यांना उत्तर न देता तो पदार्थ मागच्या दाराने बाहेर न्यावा, आणि गुरांनाही घालू नये.

२०२६ सालीही अधिक मास ज्येष्ठातच, १७ मे ते १५ जून असा येतो, म्हणजे २५ मेपासूनचा सगळा नवतपा, उन्हाळ्यातले ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, जावयांच्या जेवणावळीत सापडणार. अनारशाच्या तांदळाचे पाणी या दिवसांत रोज एकदा नव्हे, सकाळ-संध्याकाळ बदलावे, नाहीतर तीन दिवसांत तांदूळ फार आंबतात आणि अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. जावयाला आणि व्याह्यांना निघताना जे बांधून द्यायचे त्यात अनारसे, गोरसपाक आणि शंकरपाळे एवढेच द्यावे. यष्टीने आर्वीहून यवतमाळपर्यंत जाणाऱ्या पिशवीत खव्याची बर्फी घालू नये, विहीणबाईंनी स्वतःहून मागितली तरीसुद्धा.